गुरुवारचं दुखणं

न्हाव्याने मानेवरचे अर्धे केस उतरवले होते आणि अर्धे उतरवायचे होते, नेमका तेव्हाच फोन वाजला. सोमवार म्हणजे क्लबचा सुट्टीचा दिवस, आणि सुट्टीच्या दिवशी सेक्रेटरीचा फोन येतो तो एक तर कुणाचं काहीतरी मोडलं म्हणून, नाही तर सराव भलत्याच मैदानावर हलवला म्हणून. त्याने कापडाखालून हात काढून फोन कानाला लावला. सेक्रेटरी म्हणाला, अभिनंदन. मग म्हणाला की देशाच्या संघातल्या तिसऱ्या गोलकीपरचं बोट सरावात मोडलं, बदली म्हणून तुझं नाव काढलंय, उद्या संध्याकाळचं विमान आहे, बॅग भर. समोरच्या आरशात अर्ध्या मानेचा एक चौतिशीचा माणूस फोन कानाला लावून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद कुठून आणावा हे त्याला सुचत नव्हतं. त्याने विचारलं, "आणि शनिवारची मॅच?" सेक्रेटरी हसला. "लंबू आहे की, क्लबचा तिसरा कीपर कशाला ठेवलाय? तू आता शनिवारचं कशाला बघतोस? तू आता देशाचा." फोन बंद झाला तेव्हा न्हाव्याला सगळं समजलं होतं, न्हाव्याकडून बाकावर बसलेल्या दोघांना समजलं, आणि त्यातल्या एकाने उठून त्याचा केस चिकटलेला हात जोरजोरात हलवला. दुसरं कुणी असतं तर खुर्चीतून उडालं असतं. त्याने मात्र उरलेली अर्धी मान न्हाव्याच्या हवाली केली.

दुसरा गोलकीपर म्हणजे काय, हे दुसऱ्या गोलकीपरच्या बायकोलाही कधी नीट कळत नाही. दुसरा बचावपटू असतो, त्याला पंधरावीस मिनिटं तरी मिळतात. कुणी दमतो, कुणी लंगडतो, कोच वैतागतो. गोलकीपर दमत नाही. पहिला गोलकीपर मेला तरच दुसऱ्याचा जन्म, आणि क्लबचा पहिला गोलकीपर मरायचं नावच घेत नव्हता. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण तो मैदानावर घर भाड्याने द्यायला आल्यासारखा चालायचा. मॅचच्या आधी साहेबाला गरम करायचं काम ह्याचं. आधी हळू चेंडू, मग जोरात, मग खाली डावीकडे, मग वर उजवीकडे. साहेब झेप घ्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग हा जाळीतले चेंडू गोळा करून बाकावर जाऊन बसायचा. वर्षानुवर्षं त्याने ते बाक इतकं उबवलं होतं की एखादं पिल्लू निघायला हवं होतं. पहिल्यापहिल्यांदा मॅच संपली की तो इतरांबरोबर फवाऱ्याखाली उभा राहायचा, अंगाला चिखलाचा ठिपका नसताना साबण लावायचा, म्हणजे ओल्या केसांनी बाहेर पडता यावं. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, तू कशाचा मळ काढतोयस रे? सगळे हसले, तोही हसला, आणि त्या दिवसापासून तो कोरड्या केसांनी घरी जायला लागला. तो विनोद त्याला अजून टोचत होता. विनोद करणारा केव्हाच क्लब सोडून गेला होता, पण टोचणं काही त्याच्याबरोबर गेलं नव्हतं.

आणि मग या वर्षी ती मोठी स्पर्धा ऐन हंगामाच्या मधोमध आली. लीग काही थांबली नाही. लीग कुणासाठी थांबत नाही. देशाने साहेबाला नेलं, दोन्ही आघाडीवाल्यांना नेलं, मधल्या फळीतला एक शेजारच्या देशाचा होता त्याला त्याच्या देशाने नेलं, आणि सूप गाळून वरचं घट्ट काढून घ्यावं तसा क्लब पातळ होऊन मागे राहिला. क्लब आधीच तळाशी होता. कोचने पहिल्या सरावाला उरलेल्या माणसांकडे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा स्मशानातून आल्यासारखा होता. अडला हरी म्हणतात तसा तो ह्याच्याजवळ आला, ज्याला त्याने आजवर नावानेसुद्धा क्वचित हाक मारली होती, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता तूच. कपडे बदलायच्या खोलीत पोरं चिडवायची, आयत्या बिळावर नागोबा. तो म्हणायचा, बीळ रिकामं ठेवलं तर उंदीर शिरतील. पण मॅच सुरू व्हायच्या आधी हातमोज्यांवर थुंकून तळवे एकमेकांवर घासले की रबराचा जो ओला, आंबट वास यायचा, त्या वासाने त्याचे गुडघे हलके व्हायचे. बाकावरून मैदान सपाट दिसतं. गोलमधून ते उताराचं दिसतं, सगळं जग आपल्याकडे घरंगळत येतंय असं, आणि आपण सोडलं तर मागे काहीच नाही. पहिली मॅच बरोबरीत सुटली. दुसरी त्यांनी जिंकली, ती त्याच्यामुळे. एक चेंडू त्याने बोटाच्या टोकाने वर उडवला होता आणि तो स्पर्श त्या बोटात रात्रभर जागा होता. पेपरात दोन ओळी आल्या. तो स्वतःला बजावायचा, वासरात लंगडी गाय शहाणी, फार शेफारू नकोस. पण त्या दोन ओळी त्याने किती वेळा वाचल्या ते त्यालाच माहीत. आता शनिवारी तळाच्याच दुसऱ्या एका संघाशी मॅच होती. ती जिंकली तर क्लब बहुधा वाचणार होता, हरली तर खालच्या गटात जायचं जवळजवळ नक्की होतं. आणि ती मॅच त्याची होती. आयुष्यात पहिल्यांदा एक शनिवार त्याचा होता.

साहेब परत येईपर्यंतच हे सगळं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो देशाच्या मॅचेस जीव मुठीत धरून पाहायचा. देश जिंकत राहिला की साहेब तिकडेच राहणार. देश हरला की साहेब पुढच्या विमानाने हजर, आणि मग गरज सरो वैद्य मरो. देशाने गोल केला की तो सोफ्यावरून उठून ओरडायचा. शेजारी बसलेले बाबा त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघायचे. त्यांना वाटायचं, काय हा मुलगा, स्वतः आयुष्यभर मागे राहिला पण देशासाठी किती जीव तुटतो ह्याचा. क्लबमध्ये कोच नेमका उलट. देश जिंकला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. अख्ख्या शहरात देशाच्या विजयावर मनापासून नाराज असलेला माणूस कोच, आणि मनापासून खूश असलेला हा, आणि दोघांनाही देशाशी काही घेणंदेणं नव्हतं. असलं देशप्रेम कुणाला सांगायची सोय नव्हती.

न्हाव्याकडून तो घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी जिना चढली होती. बाबांनी माळ्यावरून मोठी बॅग काढून पुसायला घेतली होती. बाबांचा सगळा जन्म उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अंधाऱ्या विहिरीसारख्या त्या पोकळीत उतरून हाताला काळं ग्रीस फासत त्यांनी परक्या माणसांना वर पोचवलं, आणि त्यांचा एक सिद्धांत होता की लिफ्ट वर जाते ती दुसरीकडे वजन खाली येतं म्हणून. कुणीतरी खाली आल्याशिवाय कुणी वर जात नाही. त्याच्या बाकावरच्या वर्षांचं समर्थन ते ह्याच सिद्धांताने करायचे. प्रत्येक मॅचला यायचे, न खेळणाऱ्या मुलाची मॅच बघायला. आज ते नुसते बॅगेची चेन उघडझाप करत होते, आणि मध्येच म्हणाले, "राष्ट्रगीताच्या वेळी बदली खेळाडूपण उभे असतात ना रे? कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो. मी बघितलंय." तो हो म्हणाला. तिथे तिसऱ्या गोलकीपरने काय करायचं असतं हे त्याने सांगितलं नाही. तिथेही साहेबच होता. आधी हळू चेंडू, मग जोरात, मग खाली डावीकडे. अंगावर भारीतला ट्रॅकसूट, आणि काम तेच. फरक एवढाच की त्या वेळी इथे शनिवारी त्याच्या गोलमध्ये, त्याच्या उतारावर, लंबू उभा असणार होता. दैव देतं आणि कर्म नेतं असं ऐकत आला होता. इथे देण्याची आणि नेण्याची दोन्ही कामं एकाच फोनने उरकली होती. त्याला रडावंसं वाटलं आणि बाबांसमोर ते आनंदाश्रू म्हणून खपूनही गेलं असतं.

युक्ती त्याला सुचली असं म्हणणं चूक ठरेल. ती क्लबमध्ये पहिल्यापासून होती, खुंटीला टांगलेल्या टॉवेलसारखी, कुणीही घ्यावी आणि तोंड पुसावं. तिला गुरुवारचं दुखणं म्हणत. आठवड्याच्या सुरुवातीला कुणाची मांडी धरायची, कुणाची पाठ. अवघड सराव टळायचा, कंटाळवाणा प्रवास टळायचा, आणि गुरुवारी दुखणं ओसरून शनिवारी गडी टुणटुणीत. कोचला माहीत होतं, फिजिओला माहीत होतं, आणि शनिवारी पळतोयस ना, मग झालं, असा सगळ्यांचा व्यवहार होता. साहेबाने तर मागल्या वर्षी देशाच्या एका फालतू मैत्रीच्या सामन्याला घोट्याचं निमित्त करून घरी आराम केला होता आणि पुढच्या आठवड्यात क्लबसाठी उभा राहिला होता. मैत्रीच्या सामन्याच्या त्या आठवड्यात क्लबची मॅचच नव्हती, ही गोष्ट ह्याच्या ध्यानात आली नाही. ज्याला देशाने कधी बोलावलंच नाही त्याला देशाला नाही म्हणायची रीत कुठून ठाऊक असणार? मंगळवारी सकाळी तो फिजिओच्या टेबलावर उताणा पडला आणि म्हणाला, उजवा खांदा, परवाच्या झेपेत काहीतरी झालंय. फिजिओने हात वर नेला, मागे नेला, अंगठ्याने दाबलं. तो योग्य जागी कण्हला. फिजिओ म्हणाला, "बघ हां. मी लिहून दिलं की दिलं." त्याने मान हलवली. दुखणं मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही. दुपारपर्यंत क्लबचा कागद गेला, देशाच्या डॉक्टरांनी फोनवर दोन प्रश्न विचारले, आणि संध्याकाळच्या विमानात त्याच्या खुर्चीत दुसऱ्या कुठल्यातरी क्लबचा दुसरा गोलकीपर बसला. रस्त्याने घरी येताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की तो दोनदा डाव्या खांद्याला हात लावून कळवळला, आणि मग आठवून उजव्याला.

बाबांना सांगणं मात्र जड गेलं. बॅगेत भरलेले इस्त्रीचे शर्ट एकेक करून त्यांनी अलगद बाहेर काढले, जणू कुणी झोपलंय आणि जागं होईल. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवलं, रबरी पिशवीत भरलं, आणि त्याला खुर्चीत बसवून त्याच्या धडधाकट खांद्यावर ती धरून मागे उभे राहिले. ग्रीसने कायमची काळवंडलेली नखं त्याच्या गळ्याजवळ दिसत होती. पिशवी निवली की ते पुन्हा भरून आणत. असा शेक त्याच्या लहानपणी आईनेही कधी दिला नव्हता. एकदाच म्हणाले, "नशीब असतं एकेकाचं. तुझा दोष नाही." त्याला वाटलं उठावं आणि पिशवी भिंतीवर फेकावी, नाही तर त्यांच्या पायावर डोकं ठेवावं, पण त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही. बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची. बाबा आत गेल्यावर तो रिकामी बॅग माळ्यावर ठेवत होता तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. बॅग वर गेली. मग ती म्हणाली, "उजव्या हाताने ठेवलीस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "शनिवारसाठी," तो म्हणाला. ती म्हणाली, "ते कळलं मला. बाबांना कळू देऊ नकोस म्हणजे झालं."

गुरुवारी तो वेळेआधीच मैदानावर पोचला. गवत ओलं होतं, हातमोजे पिशवीत होते, आणि खांदा ठरल्याप्रमाणे बरा झाला होता. कोच त्याला पाहून सरळ जवळ आला नाही. आधी शिट्टी खिशात घातली, मग इतरांना धावायला पाठवलं. मग त्याला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन बाकावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. नियम त्याने दोन वाक्यांत सांगितला. ज्याला देशाने बोलावलं आणि जो दुखापत सांगून गेला नाही, तो देशाचा संघ स्पर्धेत आहे तोपर्यंत क्लबसाठीही खेळू शकत नाही, आणि वर आणखी पाच दिवस. उतरवला तर मॅच हरलेली धरतात, क्लबला दंड होतो. सेक्रेटरीलाही आज सकाळी पत्र आल्यावरच कळलं. आपल्या क्लबातून साहेबाशिवाय देशाकडे जातो कोण, माहीत असायला? तो म्हणाला, "पण मी आता बरा आहे. त्यांना कळवू या. मी जातो तिकडे." कोच म्हणाला की तिकडची जागा भरली. बाहेर बूट ओल्या गवतावर चपचप वाजत होते. कोच अगदी सावकाश म्हणाला, "एक विचारू? खांदा खरंच दुखत होता ना?"

हा प्रश्न म्हणजे दार होतं आणि दोन्ही बाजूंना खड्डा होता. नाही म्हणावं तर क्लबने खोटा कागद पाठवला असं व्हायचं, फिजिओची नोकरी जायची, आणि त्याचं नाव कायमचं काळं व्हायचं. तो म्हणाला, हो, दुखत होता. कोचने मान हलवली. "मग दुखू दे," तो म्हणाला. "आता शनिवारी सगळ्यांसमोर दुखायला हवा." फिजिओने त्याचा हात झोळीत बांधून दिला आणि गाठ जरा जास्तच आवळली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं; लहानपणी ही म्हण ऐकून त्याला त्या वेड्या माणसाचं हसू यायचं. आता तो दिवसाढवळ्या गळ्यात हात अडकवून शहरातून चालत होता, आणि ओळखीचे लोक थांबून त्याची कीव करत होते, अरेरे, आयुष्यात एकदा संधी आली आणि बघा. संध्याकाळी टीव्हीवर देश पुढच्या फेरीत गेला. बाबा आनंदले आणि मग त्याच्याकडे पाहून आनंद गिळला. तो हिशेब करत बसला. देश जिंकत राहिला तर त्याची बंदी चालू राहणार. देश हरला तर बंदी उठणार, पण त्याच विमानाने साहेब परत येणार. आता कुणी जिंकावं असं त्याला वाटायला हवं होतं, हेच त्याला समजेना. साऱ्या जगात त्याच्या बाजूने लागू शकेल असा एकही निकाल उरला नव्हता.

शनिवारी तो बाबांबरोबर प्रेक्षकांत बसला. बाबांनी मुद्दाम त्याच्या उजवीकडची खुर्ची घेतली, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का दुखऱ्या बाजूला लागू नये म्हणून. लंबू गोलमध्ये उभा होता, त्याचा लांब गळा कॉलरबाहेर आलेला. हा पोरगा घाबरट, सरावात नखं खायचा, उंच चेंडूला डोळे मिटायचा. पहिल्याच उंच चेंडूला त्याने डोळे मिटले नाहीत. पुढे येऊन तीन माणसांच्या डोक्यावरून चेंडू फळ तोडावं तसा काढून घेतला. मग एक जवळून मारलेला फटका पायाने अडवला, मग आणखी एक, जो ह्याला अडवता आला नसता. हे त्याला लगेच कळलं, हाडांना कळलं. त्याचं शरीर खुर्चीतल्या खुर्चीत त्या बाजूला झुकलं आणि उशिरा झुकलं. लोक लंबूचं नाव घेऊन ओरडायला लागले. ह्याच्या नावाने असं कधी कुणी ओरडलं नव्हतं. बाबाही टाळी वाजवत होते, जपून, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने. मध्यंतरानंतर तो मॅच बघत नव्हता, फक्त लंबूला बघत होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हा असाच उभा राहिला तर पुढच्या वर्षी दुसरा गोलकीपर हाच. मग आपण कोण? तिसरा? बाकाला टोक असतं, आणि टोकावर आणखी एक जागा असते, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. गोल कुणाचाच झाला नव्हता. बरोबरीसुद्धा चालण्यासारखी होती, क्लब तरला असता, कोच तरला असता, ज्यांच्याबरोबर त्याने इतकी वर्षं एका खोलीत कपडे बदलले ते सगळे तरले असते.

शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघाला कोपऱ्यावरून चेंडू मिळाला. तो तरंगत आला. लंबू पुढे निघाला, योग्य वेळी निघाला, दोन्ही हात वर नेले, चेंडू तळव्यांत आला, आणि मग ओल्या साबणासारखा निसटून त्याच्या मागे पडला, एकदा उडाला आणि गोलच्या रेघेपलीकडे गेला. सगळ्या मैदानातला आवाज एकदम कुणीतरी काढून घेतला. त्या शांततेत हा प्रेक्षकांत उभा होता. कधी उठला ते त्याला कळलं नाही. झोळी कोपरापाशी लोंबत होती आणि त्याचे दोन्ही हात सरळ वर गेले होते, मुठी आवळलेल्या, आणि छातीत जे उसळलं होतं ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला आनंद झाला होता. इतका निर्भेळ आनंद त्याला स्वतः चेंडू अडवतानासुद्धा कधी झाला नव्हता.

मागच्या ओळीतला माणूस त्याच्याकडे बघत होता. बाबाही बघत होते. मग बाबांनी उठून हलक्या हाताने त्याचा उजवा हात खाली घेतला, काचेची वस्तू उतरवून घ्यावी तसा, मुठीतली बोटं एकेक करून सैल केली, आणि हात झोळीत ठेवून गळ्यामागची गाठ नीट करू लागले. मागच्या माणसाला ते म्हणाले, "हाडाचा कीपर आहे हो. दुखरा हातसुद्धा विसरला, चेंडू अडवायला उठला." त्या माणसाने मान हलवली, चुकचुकला. खाली मैदानावर लंबू गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्याजवळ कुणी जात नव्हतं. बाबांनी गाठ मारली आणि विचारलं, फार दुखलं का? तो म्हणाला, हो, फार.